उजव्या कानातली गिटार

माझं पोट डुप्लिकेटवर चालतं. मोठ्या कंपन्यांच्या याद्यांमध्ये एकच माणूस दोन-दोन, तीन-तीनदा शिरलेला असतो. कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. एका ठिकाणी जुना पत्ता, दुसरीकडे नवा. अशा नोंदी हुडकायच्या, ताडून बघायच्या, त्यातली चांगली ठेवायची आणि बाकीच्या उडवायच्या, हे काम मी इथे टेक्ससमध्ये, अर्विंगला, गेली सतरा वर्षं करतो आहे. एका माणसाची एकच नोंद, हे आमच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य. नागपूर-पुण्याहून नव्यानं आलेल्या मंडळींना मी ते इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या पाठीमागे ती माझी नक्कल करतात. या कामात मी हुशार समजला जातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते मूर्खपणानं घडलं असतं तर मला एवढा त्रास झाला नसता. ते हुशारीनं घडलं. एका माणसाच्या आयुष्यातली शेवटची आठ गाणी माझ्याकडे विश्वासानं आली होती, आणि त्यांच्यातली अर्धी गिटार मी साफसफाई म्हणून पुसून टाकली.

त्या माणसाला मी सर म्हणतो. ते जपानी, हेवी मेटल वाजवणारे, आणि मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. माझ्या खोलीतल्या मित्राचा मामा बोटीवर होता. त्यानं कोबे की ओसाकाहून एक कॅसेट आणली होती, लाल कव्हरची. कव्हरवरचं एकही अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं. आम्ही त्या गिटारवाल्याला नुसतं ‘तो जपानी’ म्हणायचो. वॉकमन एक, इयरफोनची जोडी एक आणि ऐकणारे दोन. मित्राची कॉट भिंतीला लागून होती, तो भिंतीकडे बसायचा, मी त्याच्या उजवीकडे. वायर आखूड. त्यामुळे डावा कान त्याचा आणि उजवा माझा, असं ठरून गेलं आणि चार वर्षं तसंच चाललं.

माझे वडील एकदा हॉस्टेलवर आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना ऐकवलं. त्यांनी कानातून इयरफोन काढला आणि पत्र्याच्या शेडवर कुणी दगड टाकतंय का, असं विचारलं. त्यांचं चुकलं नव्हतं. पण त्या दगडफेकीच्या खाली एक गिटार असायची, इतकी नेमकी, इतकी न डगमगणारी, की परीक्षेच्या आधी छातीत धडधडायला लागलं की मी ती ऐकायचो. गाणारा ओरडायचा, ढोल फुटायचे, आणि ती आपली एकसारखी, ठेक्याला धरून. मला ती पाठ झाली होती. अजूनही मोटार चालवताना दाताखाली ती चालू असते.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा मी त्या माणसाची कुंडली काढली. ओसाकाचं टोळकं, कंबरेपर्यंत केस, चामड्याच्या विजारी. एकूण चार रेकॉर्डी. पहिली लाल, तीच आमची. दुसरी जपानात गाजली. तिसरीच्या वेळी सगळे लॉस एंजेलिसला आले, व्हॅनमधून गावोगाव हिंडले, अर्ध्या रिकाम्या क्लबात वाजवलं. पण तोवर इथल्या लोकांची चव बदलली होती. लांब केस आणि लांब सोलो हा चेष्टेचा विषय झाला होता. गाणारा परत गेला, ढोलवाला सासऱ्याच्या दुकानात लागला. चौथी रेकॉर्ड यांनी घरातच केली आणि ती फक्त जपानात निघाली. त्यानंतर काही नाही. नाव बुडालं. चारही रेकॉर्डींच्या मागे एक ओळ होती: सगळ्या गिटारी, आणि पुढे त्यांचं एकट्याचं नाव. मी त्यांच्याविषयी अशी सगळी माहिती बाळगून होतो. रेकॉर्ड करतात कशी, हे मात्र मला ओ की ठो माहीत नव्हतं. गिटार दोन्ही कानांत ऐकू येते म्हणजे एकदा वाजवलेली दोन्हीकडे सोडत असतील, अशी माझी समजूत.

आम्ही जिथे कढीपत्ता आणि गोठवलेले बटाटेवडे आणायला जातो, त्याच ओळीत वाद्यांचं एक छोटं दुकान आहे. मुलीच्या व्हायोलिनची घोडी पडली म्हणून मी तिथे गेलो. काउंटरमागे पांढऱ्या बारीक केसांचे, नाकावर चष्मा ओढलेले एक जपानी गृहस्थ गिटारच्या खुंट्या पिळत होते. त्यांच्या डोक्यावर, धूळ खात, ती लाल रेकॉर्ड टांगलेली. मी विचारलं, ही तुम्हाला कुठे मिळाली? त्यांनी वर न बघता सांगितलं की ती त्यांनी केली आहे. मी बायकोच्या आणि मुलीच्या देखत, व्हायोलिन हातात धरून रडलो. मुलगी म्हणाली, “बाबा, प्लीज, नॉट हिअर.”

मग चाळिशी उलटल्यावर मी त्यांच्याकडे गिटार शिकायला लागलो. शिष्य म्हणून मी अगदीच टाकाऊ होतो, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. शिकवणी त्यांच्या घरी असायची, दुकान बंद झाल्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. आम्ही इंग्रजीत बोलायचो. त्यांचं मोडकं एका तऱ्हेनं आणि माझं दुसऱ्या, त्यामुळे जमायचं. त्यांची बायको भाजलेल्या जवाचा चहा घेऊन यायची आणि कोपऱ्यात बसायची. तिला इंग्रजी जेमतेम. आमच्या घरात त्यांना जपानी काका-काकू अशीच नावं पडली होती. माझी बायको चिवडा पाठवायची, आणि काकू त्यातले शेंगदाणे दोन काड्यांनी एकेक उचलून आधी संपवायच्या.

माझा ठेका चुकला की काकूंचं बोट ट्रेवर वाजायचं. मला वाटायचं, चहा गार होतोय म्हणून घाई करताहेत. एकदा त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, तारांनी कडक झालेली बोटांची टोकं अंगठ्यानं दाबून पाहिली, मान डोलावली आणि स्वतःची बोटं पुढे केली. तीही तशीच, घट्टे पडलेली, चकचकीत. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की बघ, स्वयंपाकघरात राबून त्या बाईच्या हातांची काय दशा झालीय. बायकोही हळहळली. डाव्याच हाताची दशा का झाली, हा प्रश्न डुप्लिकेट शोधण्यात हयात घालवलेल्या माझ्या डोक्यात आला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजार लांबला होता. अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं होतो. त्यानंतर काही महिन्यांतच सरांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळायला लागली. कप धरताना, बुटांची नाडी बांधताना काही नाही. गिटार हातात घेतली की ती आपोआप तळव्यात शिरायची आणि उलगडता उलगडायची नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, दोष बोटांत नाही, मेंदूत आहे, आणि उपाय असा नाही. सर मग नुसतं तोंडानं शिकवायला लागले.

आणि अशा वेळी ओसाकाहून पत्र आलं. तिथल्या दोन जुन्या चाहत्यांनी छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. त्यांना चौथी रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, आणि न निघालेलं काही असलं तर तेही हवं होतं. सरांनी पलंगाखालून बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे काढले. त्यात सोळा टेपा. आठ गाणी, इथेच, या अपार्टमेंटमध्ये, दुकानातून आल्यावर काही वर्षं वाजवून भरलेली. प्रत्येक टेपेवर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. ढोल आणि बास जुन्या सोबत्यांनी तिकडे वाजवून पाठवले होते, ते त्या चाहत्यांकडे आधीच पोचले होते. आता हवी होती फक्त गिटार. सरांना मी इतक्या वर्षांत कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले की हे एवढं बाहेर आलं की मी सुटलो, तू कॉम्प्युटरवाला आहेस, तू मला मदत कर. आणि या वेळी कव्हरच्या मागची ओळ नीट छापायला सांगणार आहे, असंही म्हणाले. मला वाटलं, मागे काही छपाईची चूक राहिली असेल.

जुन्या टेपा ओल धरतात आणि चिकट होतात. तशा वाजवल्या तर सोलून निघतात. त्या आधी मंद उबेत दिवसभर सुकवाव्या लागतात, मग एकदा कशाबशा वाजतात, आणि त्या एका वेळेत जे उतरवून घ्याल ते तुमचं. हे मला सरांनी सांगितलं. मी घरी येऊन ओव्हनचं बटण फिरवून बघत होतो, तर बायको म्हणाली, “ओव्हनमध्ये नको रे, जळतील त्या. माझा डीहायड्रेटर घेऊन जा ना.” आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीत काही वाळत घालायला बंदी आहे, म्हणून तिनं सांडगे आणि आंबापोळीसाठी ते जाळीच्या थाळ्यांचं, खालून गरम वारा सोडणारं यंत्र घेतलं होतं. त्यात दर शनिवारी दोन टेपा ठेवायच्या आणि रविवारी उतरवायच्या, असे आठ आठवडे गेले. यंत्राला आमसुलांचा वास होता, तो सरांच्या घरभर पसरायचा.

उतरवताना सर आवाज बंद ठेवायचे. काकू गेल्यापासून त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं आणि आत्ता ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. सगळं नीट उतरू दे, मग एकदाच ऐकेन, म्हणाले. आम्ही दोघं नुसते काटे हलताना बघायचो. मी विचारायचो, हे कुठलं? ते म्हणायचे, पहिलं. दुसरी टेप लावली की म्हणायचे, हेही पहिलं. मी फायलींना नावं दिली: पहिलं-अ, पहिलं-ब. तसं आठव्यापर्यंत. वाजून झालेल्या टेपेतून नाचणीच्या पिठासारखी भुकटी गळायची आणि खाली पारदर्शक पट्टी उरायची. सोळाही झाल्यावर सरांनी त्या रिकाम्या टेपा टेबलावर ओळीनं मांडल्या, त्यांच्यापुढे वाकले, त्यांच्या भाषेत आभार मानले, आणि आम्ही दोघांनी त्या चिठ्ठ्यांसकट खाली कचऱ्याच्या मोठ्या पेटीत सोडल्या.

त्या फायलींची एकुलती डिस्क मी घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून माझी हुशारी सुरू झाली.

सर ऐकणार ते पहिल्यांदा, तर ते स्वच्छ असावं, असं माझ्या मनात होतं. त्यात प्रेम होतं, हे मी आजही म्हणेन. अ आणि ब शेजारी शेजारी लावले. पडद्यावर दोघांचे आलेख एकसारखे. तेच चढ, तेच उतार, तेवढीच लांबी. थोडं थोडं ऐकलं, तेच गाणं, तेच सूर. म्हणजे सरांनी प्रत्येक गाणं दोनदा भरून ठेवलं होतं, एखादी टेप खराब झाली तर असावी म्हणून. मला त्यांचं कौतुक वाटलं. मग मी ऑफिसात करतो तेच केलं. नियम ठरवला: ज्याचा आवाज जास्त भरीव ते ठेवायचं, दुसरं काढायचं. नियमानं आठपैकी आठ वेळा अ निवडलं, कारण ब जरा हलक्या हातानं वाजवलेलं होतं. आठ ब मी काढून टाकले. गाणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येक फायलीत चार-पाच सेकंद अस्पष्ट खुडबुड होती. खुर्ची, श्वास, असलं काहीतरी. तीही कापायला सांगितली. जागा मोकळी व्हावी म्हणून कचऱ्याची टोपली रिकामी केली. एका गाण्याची एक फाइल. आठ ओळी, स्वच्छ, एकाखाली एक. मी समाधानानं चहा करून प्यायलो.

डिस्कची एक प्रत आपोआप इंटरनेटवर जात होती, तीच माझी सोय. पण इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, तीस दिवस थांबतं आणि मग कायमचं जातं. ही प्रत म्हणजे राखीव साठा नव्हे, हेसुद्धा मी नव्या लोकांना शिकवतो. फळ्यावर आकृती काढून.

दीड महिन्यानं ओसाकाच्या लोकांनी गाणी मागितली. तेव्हा सर आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बायकोनं साबुदाण्याची खिचडी केली होती, ती त्यांनी नंतर खाईन म्हणून बाजूला ठेवली. जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला, चांगले हेडफोन दिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं की उरलेली आठ कुठे आहेत.

मी त्यांना समजावून सांगितलं. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो, ऑफिसातल्या मीटिंगमधला, समोरच्याला समजेल असा सावकाश. ती डुप्लिकेट होती, सर. मी दोन्ही ताडून पाहिली. चांगली ठेवली, बाकीची काढली.

त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, चांगली कुठली? मी म्हणालो, अ. सगळ्यांत अ.

“अ म्हणजे मी,” ते म्हणाले. “ब म्हणजे ती.”

मग ते सांगत गेले, माझ्याकडे न बघता, लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत. मेटलमध्ये भिंतीसारखी रुंद गिटार हवी असेल तर तेच दोनदा वाजवावं लागतं. एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. दोन्ही शक्य तेवढी सारखी, पण दोन वेगळ्या वेळी, खऱ्या हातांनी. बहुतेक लोक दोन्ही स्वतःच वाजवतात. त्यांच्याकडे पहिल्या रेकॉर्डीपासून डावीकडे ते असायचे आणि उजवीकडे ती. तिचा ठेका त्यांच्यापेक्षा पक्का होता. त्या वेळच्या कंपनीनं सांगितलं की असल्या टोळक्यात बाई शोभणार नाही, म्हणून छापताना सगळ्या गिटारी त्यांच्या नावावर गेल्या. तिनंही चालेल म्हटलं. ते स्वतःही चालेल म्हणाले, आणि ते म्हणायला नको होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. ही आठ गाणी तिनं दुखण्यातून उठून उठून वाजवली होती. रेकॉर्डीच्या मागे तिचं नाव यायचं होतं. कव्हरच्या मागची, नीट छापायची ओळ ती हीच.

उजवीकडे ती. मला पुण्याची ती कॉट दिसली. आखूड वायर, डावा कान मित्राचा, उजवा माझा. परीक्षेच्या धडधडीत मी चार वर्षं जिचा हात धरून बसलो होतो ती गिटार यांची नव्हतीच. ज्या बाईला मी चिवडा नेऊन देत होतो आणि जिच्या हातांची कीव करत होतो, ती ती होती. तिच्याइतकं मी जगात कुणालाच ऐकलेलं नाही. आणि तिचं शेवटचं वाजवणं, नियम लावून, हलकं म्हणून, मी काढून टाकलं होतं.

मी त्यांच्यासमोर डिस्क उलटीपालटी केली. हरवलेलं शोधणारी सॉफ्टवेअर लावली, ऑफिसातल्या दोघांना फोन केले. नंतर पुढचे पंधरा दिवसही तेच केलं. काहीही निघालं नाही. त्या घाईत मी आणखी एक मूर्खपणा केला. सरांना म्हणालो की आपण अ चीच कॉपी करून उजवीकडे लावू शकतो, कुणाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली. रागानं नाही, शिकवणीत हलवायचे तशी. अगदी तेच दोन्हीकडे लावलं की रुंदी राहत नाही, म्हणाले. आवाज डोक्याच्या मधोमध येऊन बसतो. दोन माणसं लागतात. पुन्हा वाजवायला आता ती नव्हती आणि यांची बोटं नव्हती. माझी होती, दहाही धड, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सगळं समजलं होतं. तिनं पदर नसलेल्या कुडत्याचं टोक तोंडाला लावलं होतं.

सर म्हणाले, ठीक आहे. असू दे. माझं वाजवणं मला नकोच आहे, पण माझ्या टेपांवर ती आहे. मी वाजवायचो तेव्हा ती खोलीत बसायची, यंत्राचं बटण दाबायची आणि मला सुरुवात मोजून द्यायची. इची, नी, सान, शी. मायक्रोफोनमध्ये दुरून आलंय ते. तेवढं लाव.

  मी फाइल लावली, कारण काय करावं ते सुचेना.

त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले, आणि ज्या क्षणी मी बटण दाबलं त्याच क्षणी गाणं सुरू झालं. थेट. आधी काही नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा, म्हणाले. मी पुन्हा लावलं. मग दुसरं गाणं लावायला सांगितलं, मग तिसरं. आठही गाणी थेट सुरू होत होती. ते प्रत्येक वेळी डोळे मिटत होते.

आठवं झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवले.

“फार स्वच्छ केलंयस तू,” ते म्हणाले. “कुठेही आवाज नाही.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला धरून तरी बसलो असतो. ते उठले, बायकोला खिचडीसाठी थँक यू म्हणाले, दोन घास खाल्ले, बूट घातले आणि गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी ओसाकाला कळवलं की काही उरलेलं नाही. जुनी चौथी रेकॉर्ड मागच्या त्याच ओळीसकट निघेल, असं दिसतं. तिचं नाव घालायला सांगा, असं मी सरांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की कंपनीवाले पुरावा मागतात, आणि मी त्यावर भांडणार नाही, दमलो आहे. शिकवणीबद्दल त्यात काही नव्हतं. मीही गेलो नाही.

महिन्याभरानं दारात डीहायड्रेटर ठेवलेला सापडला. सगळ्या थाळ्या धुऊन, पुसून, एकेक कागदात गुंडाळलेल्या. चिठ्ठी नव्हती. तरी बायकोनं तो पुन्हा धुवायला घेतला, कारण तिचं तसंच असतं. खालचा पंख्याचा भाग उघडला तर आत, पात्याला चिकटून, वाळून वळलेला एक कागद होता. टेपेवरची चिठ्ठी. उबेनं डिंक सुटून खाली पडलेली असणार. काकूंचं अक्षर.

बायको म्हणाली, “फोन धर ना त्याच्यावर, ट्रान्सलेट होईल.” मी धरला. आठ आठवडे दर रविवारी दोन, अशा सोळा चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि फोन माझ्या खिशात होता. कॅमेरा कागदावर क्षणभर थरथरला आणि जपानीच्या जागी अक्षरं आली. वरच्या ओळीत गाण्याचं नाव. खाली दोनच शब्द: उजवीकडे, मी.

पुरावा हवा होता, तर हा होता. हा त्यांना नेऊन द्यायला हवा. तीनदा मी त्या दुकानासमोर गाडी उभी केली. काचेतून ते दिसतात, खुंट्या पिळताना, डोक्यावर ती लाल रेकॉर्ड. तिन्ही वेळा मी कढीपत्ता घेऊन परत आलो. दरवेळी बायको जुन्याच्या शेजारी नवा कढीपत्ता फ्रिजमध्ये ठेवते. त्यांच्या हातात हा कागद दिला की त्यांना तिच्या हातचं शेवटचं काही मिळेल, आणि मी काय पुसलंय तेही पुन्हा दिसेल, आणि त्यांची ती नजर मला पुन्हा झेपणार नाही. इतका साधा भित्रेपणा आहे. ऑफिसात मी अजून तेच काम करतो. चिठ्ठी माझ्या पाकिटात, ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे आहे. एका माणसाची एकच नोंद. तिची ती, आणि तीही मीच ठेवून घेतली आहे.